आधीं जुना चिकटा काढावा
(मोटारसायकलवरील पेटीची घरगुती दुरुस्ती)

कोंकणांतील पावसाळा हा सर्व जोडांचा परीक्षक आहे. देशावर दहा वर्षें टिकणारा सांधा आमच्या रत्नागिरीस दोन पावसाळे टिकला, तरी पुष्कळ झालें असें समजावें. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस, समुद्रावरून येणारी खारी हवा आणि चैत्र-वैशाखांतील ऊन, या तिहींच्या तडाख्यांत दाराच्या चौकटी फुगतात, पुस्तकांचे पुठ्ठे सुटतात, चपलांचे तळवे निघतात. आणि हल्लीं या यादींत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे मोटारसायकलला लावलेली सामानाची पेटी. विषय कित्येकांस क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांतील औषधें, कागदपत्रें, पूजेचें साहित्य आणि मुलांचे डबे अशा पेटींतून रोज ये-जा करतात, त्या घरास तो क्षुल्लक नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पूर्वी घोड्याच्या पाठीवर दोहों अंगांस लोंबणारी खुर्जी असे. तिच्यांत चिकटविलेलें असें कांहींच नसे; सर्व शिवलेलें. उसवलें तर दाभण घेऊन पुन्हां शिवावें, इतकाच खटाटोप. आजची पेटी प्लॅस्टिकची, फायबरची किंवा ॲल्युमिनियमची असते. तिच्या आंत मऊ अस्तर, झाकणास जाळीचा कप्पा, बाटली आवळून धरण्यास इलॅस्टिकचा पट्टा, पाने व पक्कड अडकविण्यास आंकडे, क्वचित् एखादा लहानसा दिवा, अशी सोय केलेली असते. आणि यांपैकीं बहुतेक वस्तु केवळ चिकटविलेल्या असतात. पेटी बाहेरून शाबूत दिसते, पण आंतला संसार मात्र दोन-तीन वर्षांत विस्कटूं लागतो.

हा विस्कोट कसा अंगाशीं येतो, याचें आमच्या घरींच घडलेलें एक उदाहरण सांगतों. गेल्या श्रावणांतील गोष्ट. आमच्या थोरल्या वहिनींस मधुमेह असून त्यांस रोज इन्सुलिन टोंचावें लागतें. धाकटा पुतण्या शहरांतून कुपी घेऊन गांवीं येत होता. जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर झाकणाच्या आंतील पट्टा सुटला, कुपी खालच्या पान्यावर पडली आणि फुटली. रविवारची संध्याकाळ, पाऊस कोसळत होता आणि घरांतली आधींची कुपी संपत आलेली. दुसरे दिवशीं सकाळीं नवी कुपी हातीं येईपर्यंत घरांतील एकाही माणसाचा डोळ्याला डोळा लागला नाहीं. पट्ट्याची किंमत ती काय! परंतु त्या रात्रीं त्याच पट्ट्यावर एका माणसाचें आरोग्य सोंपविलेलें होतें. पुढें पेटी उजेडांत धरून पाहिली, तेव्हां कारण स्पष्ट झालें. वर्षापूर्वी एका कारागिरानें तो पट्टा पुन्हां बसविला होता. पण जुना, काळा पडलेला चिकटा खरवडून न काढतां त्यावरच नवा थापला होता.

जोड कां सुटतो?

वरील एका वाक्यांत या विषयाचें बहुतेक सार आलें आहे. जुन्या चिकट्यावर थापलेला नवा चिकटा पेटीस चिकटत नाहीं. तो जुन्या चिकट्यास चिकटतो, आणि जुना तर पेटीस सोडून चाललेलाच असतो. पोपडे धरलेल्या भिंतीवर खरवडल्यावांचून चुना काढावा आणि तो पोपड्यासकट गळून पडावा, तसाच हा प्रकार. कोणत्याही चिकटद्रव्यास पृष्ठभागाचा प्रत्यक्ष स्पर्श हवा असतो. मध्यें धूळ, तेल, मीठ किंवा जुन्या द्रव्याचा थर असला, कीं त्याचें सारें बळ त्या परक्या थरावर खर्च होतें.

दुसरें कारण उष्णतेचें. काळी पेटी वैशाखांतील उन्हांत इतकी तापते, कीं तिच्यावर हात ठेववत नाहीं. अस्तर चिकटविण्यास बहुधा रबरी सोल्यूशन वापरलेलें असतें; तें तापलें कीं मऊ होतें व हळूहळू सरकतें. मग आषाढांत पाणी कडेनें आंत शिरून तोच सांधा पोंखरतें. फोमचें अस्तर असेल तर दमट हवेनें तें स्वतःच कुजतें, आणि बोटास लागणारा चिकट भुगा होऊन राहतें.

तिसरें कारण ओढीच्या दिशेचें. चिकटविलेल्या दोन वस्तु एकमेकींवरून सरकविण्यास फार बळ लागतें. पण कडेपासून सोलून काढण्यास थोडकेंच पुरतें. तव्याला चिकटलेली भाकरी मधोमध धरून उपटणारी सुगरण कोणी पाहिली आहे काय? ती उलथनें कडेखालींच घालते. पेटींतील इलॅस्टिकचा पट्टाही बाटलीच्या प्रत्येक हिसक्याबरोबर आपली टोंकें अशींच कडेनें सोलीत असतो. म्हणून तो केवळ चिकट्याच्या भरंवशावर ठेवणें ही मुळांतच चुकीची योजना होय.

आमच्या न्यायवैशेषिक शास्त्रकारांनीं संबंधाचे दोन प्रकार मानले आहेत. पक्षी झाडावर बसतो, हा संयोग. तो आज आहे, उद्यां नसेल. तंतु आणि वस्त्र यांचा संबंध हा समवाय. तो नित्य, वस्तूचा नाश झाल्यावांचून न सुटणारा. पेटी आणि तिच्यांतील साहित्य यांचा संबंध संयोगाचा असावा, समवायाचा नव्हे. जें झिजणार आहे तें कधीं तरी बदलावेंच लागणार. तेव्हां पेटी न मोडतां तें सुटलें पाहिजे. ही दृष्टि ठेविली म्हणजे पुढची सारी कृति आपोआप समजते.

जुन्यांचा सांधा

सांध्याचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत ‘वज्रलेप’ या नांवानें एक स्वतंत्र प्रकरण आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चें कवठ, सांवरीचीं फुलें, साळईचें बीं, धामणीची साल आणि वेखंड हीं द्रोणभर पाण्यांत अष्टमांश उरेपर्यंत आटवावीं. त्यांत गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेलफळ इत्यादि घालावीं. आणि हा लेप तापवून देवालयें, मूर्ति व भिंती यांस लावावा, असें तेथें सांगितलें आहे. यांतील राळ आणि गुग्गुळ हे वृक्षांचे रस, उष्णतेनें मऊ होणारे. गरम लाविलें तें गरम करूनच सुटतें, हा नियम आजच्या कित्येक चिकटद्रव्यांसही लागू आहे.

आपल्या शेजारच्या सावंतवाडीस गंजिफा तयार करतांना कापडास चिंचोक्याची खळ देण्याची रीत आहे. पुस्तकें बांधणारे आपल्या खळींत कसर लागूं नये म्हणून मोरचूद घालीत. सुतारांपाशीं सरस असे. खळ आणि सरस हीं दोन्हीं पाणी व ऊब यांनीं सुटणारीं. म्हणून जुनी खुर्ची किंवा जुनी पोथी पुन्हां पुन्हां दुरुस्त करतां येई. १९५९ सालीं फेव्हिकॉल बाजारांत आला आणि सुतारकामांतील सरसाची जागा त्यानें हळूहळू घेतली. परंतु तो लांकडाचा सोबती आहे. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पेटींत त्याचा उपयोग नाहीं, कारण त्यांतील पाणी शोषून घेण्यास तेथें वावच नसतो.

पेटीची जात ओळखावी

औषध देण्यापूर्वी प्रकृति पाहावी, तसें द्रव्य लावण्यापूर्वी पेटी कशाची आहे तें पाहावें. बुडाशीं किंवा झाकणाच्या आंतल्या अंगास बहुधा बारीक रोमन अक्षरें उठविलेलीं असतात. तेथें एबीएस असें असेल तर तें प्लॅस्टिक चिकटविण्यास चांगलें, परंतु तीव्र द्रवांनीं चटकन् बिघडणारें. पीपी अशीं अक्षरें अथवा त्रिकोणांत ५ हा आंकडा असेल तर तें पॉलिप्रॉपिलीन. २ हा आंकडा असेल तर पॉलिएथिलीन. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाहीं, तसें या दोहोंवर नेहमींचें कोणतेंही चिकटद्रव्य ठरत नाहीं. तेथें रिव्हेट किंवा स्क्रू हाच मार्ग. फायबरच्या पेटीच्या आंतल्या अंगास काचतंतूंचें जाळें दिसतें. ॲल्युमिनियम तर हातास लगेच कळतें. खाऱ्या हवेनें त्यावर पांढरी भुकटी धरली असेल तर ती आधीं घासून काढावी, नाहीं तर चिकटा भुकटीस चिकटेल आणि भुकटी गळून जाईल.

जुना चिकटा काढण्याची रीत

पेटी गाडीवरून उतरवितां येत असेल तर उतरवावी आणि अंगणांत किंवा पडवींत आणावी. सर्व सामान काढून साबणाच्या कोमट पाण्यानें धुवावी व कोरडी करावी. मीठ आणि धूळ या धुण्यानेंच जातात. तीं राहिलीं तर पुढच्या घासण्यांत ओरखडे उठतात.

कुजलेला फोम असेल तर तो वांचविण्याचा लोभ धरूं नये. नाकास फडकें बांधून सर्व काढून टाकावा. मग केंस वाळविण्याच्या यंत्रानें, म्हणजे हेअर ड्रायरनें, जुना चिकटा थोडथोडा ऊन करावा. तो मऊ झाला कीं बाद झालेल्या बँकेच्या कार्डाच्या कडेनें किंवा लांकडी पट्टीनें सावकाश ढकलावा. सुरी, ब्लेड किंवा लोखंडी पटाशी लावूं नये. जाड डबल टेप असेल तर तिच्या खालून नायलॉनचा बारीक दोरा करवतीप्रमाणें पुढेंमागें ओढावा. टेप मधोमध चिरली जाते आणि उरलेला थर अंगठ्यानें वळकटी करीत निघतो.

इतकें करूनही जो चिकट लेप राहतो, त्यास खोबरेल तेल लावावें. कोंकणांतील कोणत्या घरांत तें नाहीं? कापसाचा बोळा तेलांत भिजवून अर्धा तास, हट्टी डाग असल्यास रात्रभर, वर ठेवावा. रबरी चिकटा तेल शोषून फुगतो व आपली पकड सोडतो. येथें भाषेची एक मौज आहे. संस्कृतांत तेलास स्नेह म्हणतात. आणि अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत, चूर्णाचा गोळा बांधणाऱ्या जलाच्या गुणासही स्नेह हेंच नांव आहे. एक स्नेह बांधतो, दुसरा सोडवितो.

परंतु सोडविणारा स्नेह मागें राहिला तर नवा जोड होणें नाहीं. म्हणून तेलानंतर पुन्हां साबणाचें पाणी, आणि पेटी वाळल्यावर औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या स्पिरिटनें स्वच्छ पांढऱ्या फडक्यानें पुसणें, हें अवश्य आहे. फडकें पिवळें होणें थांबेपर्यंत पुसावें. मात्र पारदर्शक झाकणास स्पिरिट लावूं नये. त्यावर बारीक तडे उठण्याचें भय असतें. करोनाच्या सांथीपासून घरोघरीं असलेलें हात धुण्याचें सॅनिटायझरही या कामास घेऊं नये. त्यांत बहुधा ग्लिसरीन असतें आणि त्याचा पातळ पापुद्रा मागें राहतो. शेवटीं जेथें नवा जोड यावयाचा तेवढीच जागा बारीक काचकागदानें हलकी खरखरीत करून पुन्हां पुसावी.

फेव्हिक्विकसारख्या द्रव्याचे जुने कठीण थेंब, किंवा दोन नळ्यांतील द्रव्यें मिसळून लावलेला दगडासारखा चिकटा, हे तेलास दाद देत नाहींत. तेथें बळजोरी करूं नये. उंचवटा काचकागदानें सपाट करावा, आणि जें पेटीशीं खरोखर एकजीव झालें आहे तें तसेंच राहूं द्यावें. सुटूं पाहणारें सर्व काढावें, घट्ट असेल तें ठेवावें, एवढेंच तारतम्य पुरे.

समईपासून सावध

येथें घरांतील वडीलधाऱ्यांनीं विशेष लक्ष घालावें. तरुण मंडळी घाईनें पेट्रोल, थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचें द्रव्य घेतात. नखांच्या द्रव्यांत पुष्कळदां ॲसिटोन असतें. तें एबीएस प्लॅस्टिकास विरघळवितें आणि चकचकीत पेटीवर कायमचा पांढरा चट्टा पाडतें. पेट्रोल व थिनर यांचें भय याहून मोठें. त्यांची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें वर न जातां जमिनीलगत पसरत जाते. आणि आपल्या घरांत समई, निरांजन व उदबत्ती हीं तर जमिनीलगतच असतात. पावसामुळें दारेंखिडक्या लावून माजघरांत कोणी हें काम मांडलें, तर वाफ देवघरापर्यंत पोंचण्यास वेळ लागत नाहीं. रबरी सोल्यूशनची वाफही अशीच ज्वालाग्राही असून श्वासावाटे अपायकारक आहे. म्हणून काम नेहमीं उघड्यावर करावें, लहान मुलें व गर्भवती स्त्रिया यांस दूर ठेवावें, आणि डबीचें झाकण हातासरशीं लावावें.

पुन्हां जोडणें

अस्तरासाठीं नमदा किंवा जाजम घालूं नये; तें पाणी धरतें आणि त्यावर बुरशी येते. हवाई चपलेच्या रबरासारखा, पाणी न शोषणारा पातळ फोम घ्यावा. सोल्यूशनचा पातळ हात पेटीस आणि फोमास, असा दोन्हींकडे द्यावा. दहा-पंधरा मिनिटें थांबावें. बोटास चिकटेनासें झालें म्हणजे एका कडेपासून दाबीत बसवावें. ओलें असतांना जोडणें ही सर्वसाधारण चूक. दोन्ही अंगें एकदां भेटलीं कीं हलवितां येत नाहींत, म्हणून आधीं कागदाचा नमुना कापून खूण करून ठेवावी.

लहान आंकडे किंवा दिवा यांसाठीं चांगल्या प्रतीची ॲक्रिलिक फोमची डबल टेप योग्य. ती वीस मिनिटांत साधारण निम्मी, एका दिवसांत नऊ-दशांश आणि तीन दिवसांत पूर्ण पकड घेते. चिकटविल्यावर लगेच ओझें टांगणाऱ्यानें टेपेस दोष देऊं नये. फेव्हिक्विकच्या जातीचें द्रव्य १९४२ सालीं अमेरिकेंत हॅरी कूव्हर या रसायनज्ञाच्या हातीं अकस्मात् लागलें. तें क्षणांत धरतें खरें. पण वाळल्यावर ठिसूळ होतें आणि मोटारसायकलच्या सततच्या थरथरीनें तडकतें. शिवाय सुती कापडावर तें सांडलें असतां कापड एकाएकीं तापून भाजूं शकतें. पेटींतील कामास तें नकोच.

ज्या वस्तूवर खरा भार आहे, उदाहरणार्थ औषधाचा पट्टा, तिला चिकट्यासह रिव्हेटचाही आधार द्यावा. पट्ट्याच्या प्रत्येक टोंकास एक रिव्हेट आणि तिच्याखालीं रुंद वॉशर, म्हणजे कड सोलली जात नाहीं. ॲल्युमिनियमच्या पेटीस रिव्हेटही ॲल्युमिनियमचीच घ्यावी. खाऱ्या हवेंत दोन भिन्न धातु शेजारीं आल्या म्हणजे त्यांपैकीं एक कुरतडली जाते. भोंकाभोंवतीं सिलिकोन लावून पाण्याचा मार्ग बंद करावा. परंतु ज्यास व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तें सिलिकोन धातूस अपायकारक, दुसरें मागून घ्यावें.

जें वारंवार काढावें लागतें त्यास व्हेल्क्रोची पट्टी उत्तम. स्विस अभियंता जॉर्ज दे मेस्त्राल यानें १९४१ सालीं कुत्र्याच्या केंसांत अडकलेलीं कांटेरी फळें पाहून ही कल्पना घेतली आणि १९५५ सालीं तिचें पेटंट मिळविलें. माळावरून चालतांना धोतरास कुसळें आपल्यालाही चिकटतात. आपण तीं झटकून पुढें जातों, त्यानें तीं भिंगाखालीं धरून पाहिलीं. जुळणारें आणि सुटणारें असें हें साधन म्हणजे संयोगाचा उत्तम नमुना होय.

सर्वांत शेवटीं भाराची व्यवस्था. जड वस्तु बुडाशीं, हलक्या वर. पाना व पक्कड हीं फडक्यांत गुंडाळून एका अंगास. आणि कांचेची बाटली कधींही धातूच्या वर टांगूं नये. इन्सुलिन तर थंडावा राखणाऱ्या जाड पिशवींतच असावें. उन्हांत तापलेल्या पेटींत तें उघडें ठेवणें म्हणजे कुपी न फुटतांही औषध गमावणें होय.

हें सर्व केव्हां करावें? मृग निघण्यापूर्वी. पावसाळी हवेंत सोल्यूशनमधील द्रव उडूं लागला कीं लेप थंड होतो व त्यावर डोळ्यांस न दिसणारें दंव धरतें; मग कितीही दाबलें तरी जोड धरत नाहीं. वैशाखांत आंब्याच्या पेट्या रवाना झाल्या, सांठें उन्हांतून आंत आलीं, कौलें शाकारून झालीं, कीं एक सकाळ मोटारसायकलच्या पेटीसाठीं काढावी. पेटी उघडी ठेवून प्रत्येक पट्टा, प्रत्येक आंकडा बोटानें कडेपासून ओढून पाहावा. जो सुटूं पाहील त्याचा जुना चिकटा निःशेष काढून तो नव्यानें बसवावा; जो घट्ट असेल त्यास हात लावूं नये. एवढें केलें, म्हणजे पावसांतून घरीं येणाऱ्या मुलाबरोबर त्याच्या पेटींतील औषधही सुखरूप येईल.